पूर्ण पळालो

१ सप्टेंबर, रविवार
मेव्हणीकडे जेवायला गेलो होतो. साडू दातांचे डॉक्टर आहेत, पण हल्ली दातांपेक्षा स्वतःच्या पायांबद्दलच जास्त बोलतात. डिसेंबरात कुठल्याशा आडगावात डोंगरातली मॅरेथॉन आहे. त्यात ते हाफ पळणार. सूप पिताना सांगितलं, जेवताना सांगितलं, हात धुताना सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, हाफ? आपल्याला बुवा अर्धवट कामं जमत नाहीत. मी फुल पळणार.
मेव्हणी ताटं घेऊन उभी राहिली ती उभीच. आमची ही माझ्याकडे बघतही नव्हती.
फुल म्हणजे बेचाळीस किलोमीटर, हे घरी आल्यावर कळलं. हरकत नाही. शब्द तो शब्द.

२ सप्टेंबर, सोमवार
ऑनलाइन नाव नोंदवलं. संकटकाळी कोणाला कळवावे, असाही एक प्रश्न होता. हिचा नंबर टाकला. उगाच आपली फॉर्मॅलिटी.
मी गाद्यांच्या शोरूमचा मॅनेजर आहे. गिऱ्हाइकाला गादी आवडावी म्हणून आधी आपण आडवं होऊन दाखवायचं, हा आमच्या धंद्याचा गाभा. तेव्हा शरीराला विश्रांतीचा पाया भक्कम आहे. त्यावर फक्त पळण्याचा मजला चढवायचा. साडूंकडे हा पाया नाही.
उद्यापासून पहाटे पाच.

३ सप्टेंबर, सकाळी ८.१०
गजर वाजला नाही. ही म्हणते वाजला, मी बंद केला आणि वर गजराला नालायक म्हणालो. मला असं काही आठवत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
बूट आणले. दोन्ही गुडघ्यांना नीकॅप आणल्या. त्या घालून आरशासमोर उभा होतो तेवढ्यात ही आली. म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कसला उतावळा? म्हणाली, तेच म्हणतेय मी.

८ सप्टेंबर, रविवार
पहिला सराव. अंगात जॅकेट, डोक्यावर टोपी, कोणी ओळखायला नको. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत छान लय लागली होती. मग समोरच्या बिल्डिंगमधल्या मास्तरांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि विचारलं, काय झालं? कोणाला दवाखान्यात नेलंय का? बसा, सोडतो.
बसलो. त्यांना काय समजावत बसणार! त्यांनी खरंच दवाखान्याच्या दारात सोडलं. आत जाऊन पाच मिनिटं बाकावर बसलो, मग मागच्या गल्लीने चालत घरी. लाज वाटली. रस्त्यावर सराव करण्यात अर्थ नाही. ट्रॅफिक फार.

१६ सप्टेंबर, सोमवार
उपाय सापडला. शोरूम उघडायच्या आधी गाद्या एका रांगेत लावल्या आणि त्यांच्यावरून पळालो. वाळूत पळाल्यासारखं होतं. सैनिक असाच सराव करतात म्हणे. तिसऱ्या फेरीला मालक आत आले. मी डबल बेडच्या स्प्रिंगवर हवेत होतो.
मालक म्हणाले, टेस्टिंग का? म्हटलं, हो. म्हणाले, बूट काढून करा.

२२ सप्टेंबर, रविवार
छोटी रडत होती. नावाला छोटी, आठवीत आहे आणि आईपेक्षा उंच आहे. डिसेंबरात शाळेचा क्रीडादिन आणि खेळाच्या बाईंनी तिचं नाव दीड किलोमीटरला दिलंय. मागच्या वर्षी छोटी इतकी मागे राहिली की बाकीच्या मुली पाणी पिऊन, बूट बदलून परत आल्या तरी तिची एक फेरी बाकी. एकटीच अख्ख्या मैदानात. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती, कुचेष्टेच्या. आता ती नाव काढून घ्या म्हणून चिठ्ठी मागते आहे.
मी चिठ्ठी दिली नाही. पोरगी आरंभशूर आहे. गिटार सोडली, चित्रकला सोडली, स्केटिंगचे बूट माळ्यावर आहेत. कोणावर गेली आहे कळत नाही. जवळ बसवून म्हटलं, शेवटचा नंबर आला तरी चालेल, पण मैदान सोडून यायचं नाही. मी डोंगरात पूर्ण पळणार, तू मैदानात पूर्ण पळ. करार. तिने डोळे पुसले. विचारलं, नक्की ना, बाबा? तुम्ही मध्येच नाही ना सोडणार? म्हटलं, तुझा बाप आहे मी.
हातावर हात मारला. फार बरं वाटलं. ही दारात उभी होती.

६ ऑक्टोबर, रविवार
छोटी रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाते. आज म्हणाली, बाबा, चला ना बरोबर, एकटीला कसंतरी होतं. तिला समजावलं की फुल मॅरेथॉनचा सराव वेगळा असतो, असा कशातही मिसळून चालत नाही. गेली एकटीच.
मी स्ट्रेचिंग केलं. सोफ्यावर बसूनही बरंच स्ट्रेचिंग होतं.

२० ऑक्टोबर, रविवार
आहार हा अर्धा सराव आहे. लांब पळणारे लोक बटाटे, ब्रेड आणि केळी भरपूर खातात. आहाराचा भाग मी ठरल्या तारखेच्या पुष्कळ आधी पूर्ण केला आहे. पँटचं बटण तुटलं.

३ नोव्हेंबर, रविवार
आज सहा किलोमीटर! त्यातले जाताना दीड पळालो, दीड चाललो आणि येताना बस मिळाली. अंतर शेवटी अंतर असतं.
साडूंचा फोन. त्यांनी अठरा किलोमीटर पळाल्याचं सांगितलं. मी विचारलं, चढावर? तर म्हणाले, नाही, सपाटीवर. बघा म्हणजे!

१७ नोव्हेंबर, रविवार
बूट चावतात. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. या बाईचं शिक्षण म्हणींतून झालं असावं.
छोटी आता न थांबता चार फेऱ्या मारते. मला दाखवायला बोलावलं होतं. जाणार होतो. डोळा लागला.

१ डिसेंबर, रविवार
शेवटच्या आठवड्यात विश्रांती घ्यायची असते, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. या बाबतीत मी तज्ज्ञांच्याही पुढे आहे. आत्मविश्वास दांडगा.

७ डिसेंबर, शनिवार
उद्या. छोटीने माझ्या बनियनवर पुढे नंबर टाचून दिला. चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिना, अगदी सरळ. मग मागे जाऊन बघितलं आणि एक पिन पुन्हा लावली. म्हणाली, बाबा, पूर्ण हं.
हो म्हटलं. मग आणखी दोन बटाटे खाल्ले.

८ डिसेंबर, रविवार, दुपारी ४
घरी आहे. बसून नीट लिहितो, नाहीतर मागाहून लोक काहीही अर्थ काढतात. म्हणजे मीच काढेन. दुसरं कोणी वाचत नाही.
सुरुवात उत्कृष्ट. गावच्या शाळेचं पटांगण, लाउडस्पीकर, धुकं. पळणारे साठ-सत्तर, त्यात फुलवाले मोजके. सुटल्यावर पहिला रस्ता उताराचा होता आणि उतारावर मी उत्तम पळतो हे सिद्ध झालं. साडूंना मागे टाकलं. दगडी पुलापाशी त्यांनी मला टाकलं. तिथूनच हाफवाले परत फिरले. साडू हात हलवून म्हणाले, तुमची कमाल आहे, मला तर पेशंट आहे दुपारी, मी जातो घरी. पुढे रस्ता एकदम रिकामा झाला.
रिकामा म्हणजे पुढे रिकामा. मागे एक सायकल होती. शेवटच्या माणसाच्या मागोमाग यायचं, हे त्या सायकलवाल्यांचं काम. निवृत्त पोस्टमन, कॅरिअरला पिवळा झेंडा. अत्यंत सज्जन. दर थोड्या वेळाने म्हणायचे, सावकाश, साहेब, मला काही घाई नाही. त्यांच्या सायकलची चेन कुरकुरत होती आणि आपल्यामागे जगात कोणी नाही हे मला त्या कुरकुरीमुळे सतत कळत होतं. माणूस चिडला असता तर बरं वाटलं असतं.
मग तो चढ आला. पायथ्याशी केळी कापणाऱ्या बाईंना विचारलं, किती आहे हो? म्हणाल्या, आम्ही याला विचारबदल म्हणतो, भाऊ. इथपर्यंत येऊन माणसं विचार बदलतात.
मी विचार बदलला नाही. चढाच्या पहिल्या वळणाच्याही पुढे गेलो. तिथे गुडघा बोलायला लागला. पोस्टमनना म्हटलं, जरा झुडपाआड जाऊन येतो. म्हणाले, या ना, निवांत या. आणि रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. सभ्य माणूस.
झुडपापलीकडे उतार होता. खाली डांबरी रस्ता दिसत होता. पाय आपोआप उताराला लागले. शरीराचं ऐकावं असं सगळेच प्रशिक्षक सांगतात. नंबर काढून खिशात घातला, पिनांसकट. खाली कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची एक गाडी मिळाली. ड्रायव्हरशेजारी जागा नव्हती, मागे बसलो. कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.
घरी छोटीने दार उघडलं. पायात बूट, डोळे लाल. अभिमानाने पोरीचे डोळे भरून आले होते. आतल्या खोलीत ही फोनवर कोणाला तरी सांगत होती, आले, आत्ताच आले, नाही, लागलं वगैरे नाही, तुम्हाला फार त्रास झाला हो. एवढ्यात अभिनंदनाचे फोनही सुरू! बातमी किती लवकर पसरते.
छोटीने विचारलं, पूर्ण पळालात, बाबा?
खरं सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पण दारातच गरम पाण्याची बादली ठेवलेली दिसली, शेजारी टॉवेल घडी घालून. म्हटलं, पूर्ण पळालो.
यात खोटं काय आहे? पळालो हे खरं. पूर्ण पळालो हेही खरं, पार दिसेनासा झालो. मी कुठे खोटं बोललो?
ती सरळ खोलीत गेली. भारावली असेल. मी पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी कधीच गार झालं होतं. कधी तापवलं होतं कोण जाणे.

९ डिसेंबर, सोमवार
शोरूममध्ये जिना उतरताना कण्हलो, त्यामुळे वेगळं सांगायची गरज पडली नाही. मालक म्हणाले, पूर्ण? म्हटलं, पूर्ण पळालो. दुसऱ्यांदा म्हणताना जीभ अडखळत नाही, हा अनुभव आला.
कव्हर कापणाऱ्या, खोळी शिवणाऱ्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या.

११ डिसेंबर, बुधवार
शोरूमच्या दारावर मालकांनी बोर्ड लावलाय. माझा फोटो, झोपलेला, आणि मोठ्या अक्षरांत: आमचे मॅनेजर पूर्ण मॅरेथॉन पळाले. ते याच गादीवर झोपतात. मालकांना म्हटलं, कशाला उगाच. म्हणाले, विनय बघा माणसाचा.
संध्याकाळी धुण्यात माझ्या मोज्यातून कोंबडीचं पीस निघालं. ही ते हातात धरून बराच वेळ बघत होती. म्हटलं, ग्रामीण परिसर, पक्षी वगैरे असतात. म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.
हिच्या म्हणी हल्ली कुठल्याही संदर्भाशिवाय येतात.

१३ डिसेंबर, शुक्रवार
साडूंचा फोन. म्हणाले, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं, तुम्ही थोर आहात. हे वाक्य ऐकण्यासाठी मी लग्न झाल्यापासून वाट बघतोय. आलं, तर नीट बसून उपभोगताही येईना. आता खरं सांगावं तर बोर्ड, न सांगावं तर साडू दर रविवारी मला टिप्स विचारणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
छोटी चार दिवसांत मैदानावर गेलेली नाही. विचारलं तर म्हणाली, सराव झालाय माझा. आत्मविश्वास चांगला आहे. माझ्यावर गेली आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार
क्रीडादिन. मला जाता आलं नाही, गोदामात माल उतरायचा होता. हिला बरं नव्हतं. संध्याकाळी छोटी सोफ्यावर होती. विचारलं, पळालीस? म्हणाली, पळाले. विचारलं, पूर्ण? माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, पूर्ण पळाले.
ऊर भरून आला! काहीही असो, माझ्या एका शब्दाने पोरगी तरून गेली. मग त्या शब्दाला थोडा टेकू लागला असेल तर बिघडलं कुठे? आइस्क्रीम आणलं. तिने अर्धंच खाल्लं.

२१ डिसेंबर, शनिवार
शोरूममध्ये खेळाच्या बाई आल्या. त्यांची पाठ दुखते, बोर्ड बघून आत शिरल्या. त्यांना मध्यम कडक गादीवर झोपवलं. आडव्या झाल्या झाल्या म्हणाल्या, तुम्ही एवढे पळणारे आणि मुलीचं असं कसं हो? पहिली फेरी बरी गेली, दुसऱ्या फेरीला मैदानाचं गेट उघडं दिसलं आणि जी पळाली ती थेट बाहेर. किती हाका मारल्या. आणि काय पळाली हो! तेवढं ट्रॅकवर पळाली असती तर नंबर आला असता.
त्या गादीची किंमत विचारत होत्या. मी उशीची सांगितली.
घरी येऊन आवाज चढवला. करार काढला, हातावर मारलेला हात काढला. वर तोंडावर खोटं बोललीस म्हणून विचारलं. छोटी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. शांतपणे म्हणाली, मी कुठे खोटं बोलले, बाबा? पळालेच ना. पूर्ण पळाले. गेटपासून घरापर्यंत.
माझंच वाक्य, माझ्याच सुरात.
मग ही आली, हात पुसत. बसली. म्हणाली, त्या दिवशी दुपारी फोन आला होता. पोस्टमनचा. तुम्ही दिला होतात ना माझा नंबर. माणूस फोनवर नीट बोलूही शकत नव्हता. तुम्ही दरीत घसरलात असं वाटलं त्यांना. झुडपं बघितली, ओढा बघितला, गावातली माणसं दोर घेऊन उतरली. दोन तास. छोटी बूट घालून दारात बसली होती, मला घेऊन चला म्हणून, बाबांना शोधायला मी पण येते म्हणून. पाणी तापवून ठेवलं, बाबा सापडले तर लागेल म्हणून. आणि तुम्ही आलात.
छोटीने मला दारात काय विचारलं होतं, ते आता कळलं. मी जिवंत आहे हे ती बघतच होती. मी पळून आलो हेही तिला कळलं होतं. तिला एवढंच बघायचं होतं की मी काय सांगतो.
लाज वाटली. या वहीत मागे एकदा लाज वाटली असं लिहिलंय, ते खोडावंसं वाटतंय. ती लाज नव्हती. नाक कापलं गेलं नव्हतं, नुसतं खाजलं होतं तेव्हा.

२२ डिसेंबर, रविवार
सकाळी पोस्टमनना फोन लावला. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, साहेब, पोट बरं आहे का आता? मग म्हणाले, माझंच चुकलं, मी पाठ करून उभा राहिलो, लक्ष ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, नाही हो. पोट ठणठणीत होतं. मी पळून गेलो. पळालो आणि पळून गेलो यांत किती फरक आहे, हे तोंडाने म्हटल्यावर कळतं. ते म्हणाले, सुखरूप आहात ना, झालं तर मग. शिवी दिली असती तर मी आभारी राहिलो असतो.
साडूंनाही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, पुढच्या वर्षी हाफ पळू या, बरोबर. आता या माणसाचा राग कसा करायचा, हा नवा प्रश्न.
शोरूममध्ये मालकांना सगळं सांगितलं आणि बोर्ड काढायला सांगितला. म्हणाले, बोर्डाचा खर्च झालाय, आणि पळालात ना शेवटी? मग स्टुलावर चढून मी 'मॅरेथॉन'वर तेवढा कागद चिकटवला. आता बोर्डावर आहे: आमचे मॅनेजर पूर्ण पळाले. मजकूर पहिल्यांदाच खरा झाला. मालक खालून वाचून म्हणाले, हे तर आणखी सुटसुटीत.
संध्याकाळी छोटीला म्हटलं, मैदानावर येतो तुझ्याबरोबर. तिने बराच वेळ बूट शोधले. गेट उघडंच होतं. कोणी नव्हतं. दीड किलोमीटर म्हणजे मैदानाच्या पाच फेऱ्या, ते मला आज कळलं. ती हळू पळत होती, बहुतेक माझ्यासाठी. दुसऱ्या फेरीत मी मागे पडलो. तिसरीच्या मध्यावर छातीत चेन कुरकुरायला लागली, तसा खाली बसलो. ती माझ्या बाजूने पळत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. एकटीच होती अख्ख्या मैदानात. गेटपाशी दर वेळी तिकडे एकदा बघायची आणि पुढे जायची. पाचही फेऱ्या.
मग येऊन समोर उभी राहिली, कमरेवर हात, घामाने भिजलेली. विचारलं, तुमचं झालं का, बाबा?
म्हटलं, नाही गं. अर्धंच.
बरं म्हणाली आणि शेजारी बसली.